वाळवीची फुकट वाटी

एका जंगलात, मुलांनो, निवडणूक झाली. पूर्वी तिथे सिंहाचं राज्य होतं, तेव्हा असली वेळ यायची नाही. आता सिंह म्हातारा झाला होता आणि पाणवठ्याचा कारभारी मतांनी ठरायचा. एका बाजूला तरसराव, दुसऱ्या बाजूला घोरपडबाई. झुडपाआड दोन मडकी ठेवलेली असत. आत जायचं आणि आपल्या उमेदवाराच्या मडक्यात एक चिंचोका टाकायचा. आत सोडण्याआधी माकड डाव्या हाताच्या नखाला बिब्बा लावायचं. बिब्ब्याचा डाग किती दिवस जात नाही, ते एखाद्या परटाला विचारा.

रावजी अस्वल तरसरावांचा माणूस. का, तर त्याचे वडील तरसरावांच्या वडिलांचे. शिदू खवलेमांजर घोरपडबाईंचा. का, तर बाई त्याच्या भाचीच्या लग्नात अक्षता पडेपर्यंत उभ्या होत्या. यापेक्षा भारी कारण जंगलात दुसऱ्या कुणाकडेही नव्हतं.

दोघं जिवलग मित्र, पण दर निवडणुकीला त्यांचं कडाक्याचं भांडण व्हायचं. मागच्या खेपेला सहा महिने अबोला होता. ते सहा महिने रावजीनं कसे काढले ते त्याचं त्यालाच माहीत. म्हणून या वेळी शिदूनं तोडगा काढला.

"तू गेलास, मी गेलो, म्हणजे तुझा एक, माझा एक. उरलं काय? शून्य. त्यापेक्षा दोघांनीही जायचं नाही."

रावजीनं मधाच्या पोळ्यावर हात ठेवून शब्द दिला. आणि मतदानाच्या दिवशी, ऊन कललं तसा, मागच्या वाटेनं जाऊन तरसरावांच्या मडक्यात चिंचोका टाकून आला. त्याला राहवलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मोजणी होती. मोजणीच्या दिवशी सगळे गुत्ते बंद ठेवायचे असा हुकूम होता, म्हणून सगळ्यांनी पुढची दारं बंद ठेवली होती. मागच्या दाराशी ही गर्दी.

रावजी आला तो नखाला पळसाचं पान गुंडाळून.

"काय झालं रे?" शिदूनं विचारलं.

"काटा रुतला. तू असा हात पोटाशी धरून का बसलायस?"

"थंडी वाजतेय जरा."

उन्हाळ्याचे दिवस होते. पण रावजीला स्वतःच्या पानाची इतकी काळजी, की ते त्याच्या लक्षातच आलं नाही.

मोहाच्या गुत्त्यातला पोपट प्रत्येक फेरीला तरसरावांना पुढे ठेवायचा. ताडीच्या गुत्त्यातला पोपट घोरपडबाईंना. मोजणी एकच. रावजी आणि शिदू एक फेरी इकडे ऐकायचे, एक तिकडे, म्हणजे कुणावर अन्याय नको. असे दोघंही आलटून पालटून जिंकत दुपार गेली.

शेवटच्या फेरीला दोघं उदमांजर आक्काच्या गुत्त्यात येऊन बसले. आक्काकडे पोपट नव्हता. तिची बातमी कासव आणायचं, त्यामुळे ती उशिरा यायची, पण खरी असायची. भिंतीवर पाटी होती : 'बिब्बा दाखवा, भाजलेल्या वाळवीची वाटी फुकट.'

"दाखवा हात आणि घ्या वाटी," आक्का म्हणाली. "आत्ताच परतलीय, मीठ-मिरची लावून."

वास असा सुटला होता की रावजीच्या तोंडाला पाणी सुटलं.

"नको आक्का, पोट भरलंय," रावजी म्हणाला.

"मलाही नको," शिदू म्हणाला आणि आणखी थोडा गोळा झाला.

"अस्वल आणि खवलेमांजर वाळवीला नको म्हणतायत," आक्का म्हणाली. "जग बुडायची वेळ आली म्हणायची."

तेवढ्यात कासव आलं. त्यानं आधी पाणी मागितलं, ते सावकाश प्यायलं, तोंड पुसलं आणि म्हणालं, "तरसराव. एका मतानं."

रावजीला उठून नाचायचं होतं, पण पाय उठेनात. एका मतानं. म्हणजे त्याच्याच. समोर शिदू मान खाली घालून बसला होता, आणि आता पुन्हा सहा महिने, कदाचित जन्मभर, असं रावजीच्या मनात आलं. त्याला स्वतःची लाज वाटली. त्यानं पान सोडलं आणि काळं नख पुढे केलं.

"शिद्या, मी जाऊन आलो."

शिदूनं नखाकडे पाहिलं. मग हळूहळू उलगडला आणि आपला हात त्या हाताशेजारी ठेवला. तोही काळा.

"मीही," शिदू म्हणाला. "वाटलं, आपण नाही गेलो तर बाई पडतील. बिब्बा लावून घेतला, झुडपात शिरलो, चिंचोका हातात घेतला आणि तुझं तोंड आठवलं. तू बिचारा शब्द पाळून घरी बसलेला. हात पुढे होईना. मग टाकला तरसरावांच्या मडक्यात. तुझ्या वाटचा म्हणून."

रावजीनं बोटांवर मोजून पाहिलं. दोघांनी शब्द पाळला असता तर बाई एका मतानं निवडून आल्या असत्या. त्यानं परत मोजलं. तेच आलं.

"आणि तू रे?" शिदूनं विचारलं. "तू कुणाला टाकलास?"

रावजीनं कासवाकडे पाहिलं, आक्काकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं.

"घोरपडबाईंना," तो म्हणाला. "मलाही तुझंच तोंड आठवलं."

शिदूचे डोळे भरून आले. "म्हणजे तुझा एक, माझा एक," तो म्हणाला. "उरलं काय? शून्य. आक्का, दोन वाट्या आण."

दोघांनी काळी नखं वर केली. पहिला घास रावजीच्या घशातून उतरायला जरा वेळ लागला. दुसरा पटकन उतरला.

तात्पर्य : मुलांनो, एकेका मताला फार मोल असतं. म्हणून मतदान अवश्य करावं, आणि ते कुणाला केलं हे जिवलग मित्राला कधीही खरं सांगू नये.