घड्याळजींचा तांबडा सोफा बचावला त्याची कैफियत

वाचणारांनी पंखा मंद करोन सावध बसावे, कारण मजकूर गंभीर आहे. घड्याळजींचा सोफा करखात्याचे हातून कैसा सुटला ते जैसे घडले तैसे, पदरचे तिखटमीठ न लावता लिहितो.

घड्याळदुरुस्तीचे दुकानाचे खासे धनी, भिंगबहाद्दर राजमान्य घड्याळजी यांचा शिरस्ता ऐसा की, दर शनिवारी दोन प्रहरी दार ओढोन 'सुटे भाग आणायला गेलो आहे' हा फलक लावावा आणि घोड्यांचे शर्यतीस कूच करावे, मग हजाराचे तिकीट घ्यावे, घोड्याने दगा द्यावा, तिकीट पाटलोणीचे खिशात कोंबावे आणि घरी बाईसाहेबांस मामांचे तापासारखी काही सबब सादर करावी. ऐसे वर्षात एकेचाळीस शनिवार पराभवाचे गेले. बेचाळिसावे स्वारीत एक मरतुकडा घोडा ईर्षेस पेटला आणि चाळीस हजारांची लूट हाती आली. मग घड्याळजींनी घरी जाहीर केले की, जन्मात प्रथमच मैदान पाहिले आणि फत्ते जाहली, आणि त्या लुटीचा तांबडा सोफा बैठकीत स्थापिला. बाईसाहेब शाळेचे ग्रंथालयाचा कारभार दिवसभर उभ्याने करीत. त्यांचे सुजलेले पाय त्यावर सैल जाहले.

तों करखात्याचा खलिता आला की, जिंकलेली रक्कम उत्पन्न होय, चौथाई भरावी. खजिन्यात पाहता जुने पट्टे आणि मेलेले सेल, इतकीच शिल्लक. सोफा विकल्यावाचून गत्यंतर नाही. घड्याळजी कचेरीत दाखल जाहले आणि जिंकलो त्याहून अधिक हरलो आहे, ऐसी अर्जी केली. अधिकारी यांणी फर्माविले की, त्याच वर्षीची हार जितीतून वजा होते, तीही जितीपुरती, मात्र हरलेली तिकिटे हजर करावी. तोंडचा शब्द चालणार नाही.

तिकिटे तर धुण्यात विरली, ऐसा घड्याळजींचा समज. दोन दिवस खलिता दुकानाचे गल्ल्यात दडविला. तिसरे दिवशी बाईसाहेबांनी सोफ्यावर पाय घेतले, ते पाहोन घड्याळजींनी सर्व कबुली दिधली.

बाईसाहेब उठल्या आणि कपाटातून चपलांचा खोका आणिला. धुण्यापूर्वी खिसे तपासावे आणि हाती आल्या कागदास नंबर घालावा, हा ग्रंथालयाचा हात घरी तरी कैसा थांबेल? एकेचाळीस तिकिटे, आणि सोबत वही: अनुक्रमांक, तारीख, घोडा, किंमत, आणि शेवटचा रकाना 'सांगितलेले कारण'.

आजवर बोलली का नाहीस, ऐसे घड्याळजींनी पुसिले.

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते. एकेचाळीस वेळा."

घड्याळजींस लाज बहुत वाटली.

दुसरे दिवशी उभयतां कचेरीत गेली. अधिकारी यांणी वही पाहिली, शेवटचा रकाना मोठ्याने वाचिला, आणि कारकून कामे टाकोन गोळा जाहले. मामांस ताप, नऊ वेळा.

"मामा आता कसे आहेत?" अधिकारी यांणी विचारिले.

"ठणठणीत," बाईसाहेब म्हणाल्या. "त्यांना हे आजारपण ठाऊकच नाही."

मग एकेचाळिसांपैकी चाळीस हजार वजा जाहले, वरचा हजार घड्याळजींचे शौर्याचे खाती राहिला, आणि कर शून्य ठरला. येणेप्रमाणे हजाराचे तोट्याने थोर विजय प्राप्त जाहला आणि सोफा जागचे जागी राहिला.

पुढील शनिवारी दोन प्रहरी फलक लागला तो लागलाच, परंतु स्वारी थेट घरी आली आणि सोफ्याचे दुसरे टोकी बसली. त्याची बाईसाहेबांचे हातची नोंद वहीत आहे: बेचाळीस. घोडा, नाही. किंमत, नाही. सांगितलेले कारण: तुझ्याजवळ बसावंसं वाटलं. पुढे शेरा: खरे.