अर्जुनाच्या पोटातल्या मेलेल्या नळ्या

मांडी घालून बसा मुलांनो, आणि कान इकडे द्या. एका जंगलात ओढ्याकाठी अर्जुनाचं एक उंच झाड होतं. त्याच्या शेंड्यावर मंजुळा शेकरू आपल्या दोन पिल्लांना घेऊन राहत होती.

उन्हाळ्यात ओढा आटू लागला. जंगलाचा नवा कारभारी होता झिपरे अस्वल. त्याला वाटलं, हे झाडच पाणी पळवतंय. त्यानं ठोके सुताराला, म्हणजे सुतार पक्ष्याला, चौकशीला नेमलं.

ठोकेनं बुंध्याला भोक पाडलं, आत डोकावून पाहिलं आणि तो खाली आला.

"साहेब, सालीच्या आत, लाकडात बारीक नळ्या आहेत. एकीवर एक, मुळापासून पानापर्यंत. पाणी त्यांतूनच चढतं."

"नळ्या काम कशा करतात?"

"त्या काही करत नाहीत. त्या मेलेल्या आहेत. आत कोणी नाही, नुसत्या कडक भिंती उरल्यात."

"मेलेल्या? आणि कामावर?"

"वर पानांतून पाण्याची वाफ होते, साहेब. त्या ओढीनं खालचं पाणी आपोआप वर येतं."

"आपोआप काही होत नसतं," झिपरे म्हणाला. "मेलेल्यांना काढा. जिवंतांची भरती करा."

मंजुळा धावत खाली आली. "कारभारी, आजवर पानांना कधी पाणी कमी पडलं नाही. राहू द्या ना."

"बाई, भावनेवर कारभार चालत नाही."

झिपरेच्या पदरच्या साळिंदरानं बुंध्याभोवती खोल खाच कुरतडली. नळ्या तुटल्या. मग मुंगळ्यांची भरती झाली. एकेक थेंब तोंडात धरून ते खोडावर चढू लागले. पहिल्या फांदीपर्यंत थेंब सुकायचा. मुंगळे मात्र वरखाली धावतच होते.

"आता कसं," झिपरे खूश होऊन म्हणाला, "काम दिसतं तरी."

पानं माना टाकू लागली, मग गळाली. घरटं उघडं पडलं आणि वर गरुड घिरट्या घालू लागला. मंजुळानं एक पिल्लू तोंडात धरलं आणि शेजारच्या जांभळीवर उडी मारली. दुसऱ्यासाठी परत आली, तेव्हा वाळकी फांदी तिच्या पायाखाली कडकन मोडली. कशीबशी ती पिल्लासकट जांभळीवर पोचली.

अर्जुन वाळला. सावली गेली, आणि ओढाही पार आटला. तरी पाणीचोराचा बंदोबस्त केला म्हणून झिपरेचा सत्कार ठरला. तो अर्थातच जांभळीच्या सावलीत झाला. हार घालून घेताना झिपरेनं बुंध्यावर हात फिरवला.

"ठोके, हिच्या आत काय आहे?"

ठोकेनं वर पाहिलं. मंजुळा पिल्लांना पोटाशी धरून त्याच्याकडेच बघत होती.

"आत सगळे जिवंत आहेत, साहेब," ठोके म्हणाला. "एकाला क्षणाची उसंत नाही."

"शाबास," झिपरे म्हणाला. "असं पाहिजे."

जांभळीत पाणी मुकाट्यानं वर चढत राहिलं.

तात्पर्य : नेहमी खरं बोलावं. फक्त ऐकणाऱ्याच्या पदरी साळिंदर नाही ना, एवढं आधी बघून घ्यावं.