पाकिटांचा चणिया

सोसायटीच्या नवरात्रात टाकाऊतून टिकाऊची स्पर्धा ठेवायची, ही कल्पना खुद्द सेक्रेटरी विक्रमसिंहांची. पोरंटोरं बाटल्यांच्या कुंड्या आणि आइस्क्रीमच्या काड्यांची घरं करून आणतील, चार फोटो निघतील, नोटीस बोर्डाला शोभा येईल, एवढाच त्यांचा हिशेब होता. पद्माताई स्पर्धेत उतरतील, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

पद्माताई शाळेत कार्यानुभव शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या लेखी जगात कचरा नावाची गोष्टच नव्हती; काही वस्तूंचं पुढे काय व्हायचं ते अजून ठरलेलं नसतं, इतकंच. अशा न ठरलेल्या वस्तूंनी त्यांची बाल्कनी भरली होती. त्यातून आजवर एक करवंट्यांचा दिवा निघाला होता, जो उजेडापेक्षा सावल्याच जास्त पाडायचा. आणि जुन्या पँटचं एक पायपुसणं, ज्याच्या खिशात पाय अडकून पँटचे मूळ मालक जनार्दनराव उंबऱ्यातच आडवे झाले होते.

जनार्दनराव म्हणजे पद्माताईंचे यजमान. नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात त्यांनी जन्मभर सेफ्टीचं खातं सांभाळलं होतं. कंबर शेकता शेकता त्यांनी जाहीर केलं होतं, की आता एकच संधी. तीही फसली, तर बाल्कनीतलं झाडून सगळं पस्तीवाल्याला, म्हणजे रद्दीवाल्याला, जाईल. पद्माताईंनी वाद न घालता मान डोलावली. कारण तोवर त्यांना तो चणिया डोळ्यांपुढे दिसायला लागला होता.

गरब्याचा चणिया, म्हणजे घेरदार घागरा, पण दुधाच्या पिशव्यांचा. पिशव्या धुऊन, वाळवून, वर्तमानपत्रात घालून बेताच्या गरम इस्त्रीने एकमेकींना चिकटवायच्या, की झालं कापड. त्यावर वेफर्सची आणि चिवड्याची पाकिटं उलटी करून, त्यांच्या चांदीसारख्या आतल्या बाजूच्या झालरी लावायच्या. आरशांऐवजी त्याच चांदीचे गोल. विकत आणायची ती फक्त नाडी. पाकिटं कमी पडली तेव्हा त्यांनी जनार्दनरावांना सकाळ-संध्याकाळ वेफर्स खायला घातले. एरवी पथ्यावर असलेल्या जनार्दनरावांनी या बाबतीत मात्र बिनतक्रार सहकार्य केलं.

चणिया झाला देखणा. पद्माताईंनी तो नेसून आरशासमोर एक गिरकी घेतली आणि आतल्या खोलीत दुपारची झोप काढत असलेले जनार्दनराव उठून बसले.

"एकटीच खातेस होय वेफर्स?" त्यांनी विचारलं.

चणियाची एकमेव खोड ती हीच. त्याला आवाज होता. पाऊल टाकलं की खस्स, वळलं की खर्रर्र. पद्माताईंनी आतून जुन्या साडीचं अस्तर लावून पाहिलं, तर आवाज घुमून उलट भारदस्त झाला. झालरी उसवायच्या म्हटलं तर सगळी चांदीच जात होती. शेवटी, लाउडस्पीकर लागला की कुणाला काय ऐकू येतंय, अशी स्वतःची समजूत घालून त्या स्पर्धेच्या संध्याकाळी खाली उतरल्या. लिफ्टमधून शेजारच्या श्रद्धाबेन येत होत्या. त्यांनी आधी इकडेतिकडे उंदीर शोधला.

पण गरब्याआधी आरती असते, आणि आरतीआधी सगळं चिडीचूप होतं, हे पद्माताईंच्या लक्षातून गेलं होतं. जनार्दनरावांच्या मात्र दुसरंच काही लक्षात आलं होतं. कमरेपासून पायांपर्यंत प्लास्टिक नेसलेली बायको तुपाच्या दिव्यापाशी जाणार, या विचाराने त्यांच्यातला सेफ्टीवाला जागा झाला. ते रेतीने भरलेली बादली घेऊन पाठोपाठ आले, आणि दिव्यापासून लांब उभं राहा म्हणून पद्माताईंना मागे मागे सरकवू लागले. त्या एक पाऊल सरकल्या, खस्स. दुसरं पाऊल, खर्रर्र. डोळे मिटून हात जोडलेली मंडळी एकेक डोळा उघडू लागली. विक्रमसिंह एरवी मराठी घरांशी हौसेने मराठी बोलत. चिडले की मात्र त्यांची गुजराती बाहेर यायची.

"पद्माबेन, आ शुं छे?" ते दबक्या आवाजात म्हणाले. "माताजीच्या समोर नाश्त्याचा आवाज. आवुं नहीं चाले."

त्यांनी पद्माताईंना पार बाहेरच्या रिंगणात, पाण्याच्या टाकीजवळ उभं केलं. स्पर्धेचं नंतर बघू, असंही सांगितलं. म्हणजे बघणार नव्हते. पद्माताईंचा चेहरा उतरला. टाकीपाशी उभं राहून त्यांना बाल्कनी दिसत होती, आणि उद्या तिथे उभा राहणारा पस्तीवालाही. बादली धरून शेजारी उभ्या असलेल्या जनार्दनरावांना काहीतरी बोलायचं होतं, पण लाउडस्पीकर सुरू झाला आणि ते राहून गेलं.

गरबा रंगात आला, आणि अचानक वीज गेली. स्पीकर मुका झाला, रिंगणं जागच्या जागी थांबली. अंधारात कुणाला काही सुचेना. विक्रमसिंह वायरमनला फोन लावत गेटकडे पळाले.

त्या शांततेत पद्माताईंचं पाऊल, सुरू झालेल्या तालाच्या भरात, आपसूक पुढे पडलं. खस्स. मग दुसरं. खस्स. मग वळण, खर्रर्र. कुणीतरी हसलं, आणि हसता हसता त्यावर टाळी दिली. पद्माताईंनी ती टाळी ऐकली. त्या पुन्हा वळल्या, या वेळी मुद्दाम, आणि नेमक्या ठेक्यावर. खस्स, खस्स, खर्रर्र. त्रण ताळीचा, म्हणजे तीन टाळ्यांच्या गरब्याचा, ठेका अगदी चोख बसला.

श्रद्धाबेननी गरबा उचलला. त्यांच्यामागे सगळ्या बायका गाऊ लागल्या. कुणी मोबाइलचा उजेड टाकला, आणि चणियावरचे चांदीचे गोल असे लखलखले, की इमारतीच्या भिंतींवर उजेडाचे ठिपके गरगर फिरू लागले. रिंगण हळूहळू टाकीकडे सरकलं आणि पद्माताई आपोआप मध्यभागी आल्या. साठी उलटलेल्या त्या बाईला घाम फुटला होता, प्लास्टिक अंगाला चिकटत होतं, पण पाय थांबत नव्हते. एका वळणावर त्यांना दिसलं, की बादली जमिनीवर ठेवलेली आहे आणि लग्नापासून एकदाही गरब्यात न उतरलेले जनार्दनराव रिंगणात आहेत. टाळी एक मात्रा मागे पडत होती. पण देत होते.

वीज आली आणि स्पीकर खच्चून सुरू झाला, तेव्हा चारी बाजूंनी "बंध करो, बंध करो" असा एकच गिल्ला झाला. गेटवरून धापा टाकत आलेल्या विक्रमसिंहांना आधी समजेना. मग त्यांनी स्वतःच्या हातांनी स्पीकर बंद केला. पहिलं बक्षीस कुणाचं, हे त्यांनी जाहीर करायच्या आतच सोसायटीने करून टाकलं होतं. घरी जाताना बाल्कनीचा विषय कुणीच काढला नाही. जनार्दनराव फक्त म्हणाले, "अस्तरामुळे घुमारा छान आला."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावरची बेल वाजली. दारात विक्रमसिंह, मिशीला पीळ दिलेला, हातात एक फुगलेली पिशवी. ती उलटी केली तर पाकिटंच पाकिटं, धुतलेली, पुसलेली. पद्माताईंनी त्यांना आत बोलावलं, चहा ठेवते म्हणाल्या. पण ते बसेनात. इकडेतिकडे पाहून त्यांनी आवाज उतरवला.

"पद्माबेन, एक विनंती आहे. माझ्यासाठी गरब्याचा एक अंगरखा, केडियुं, शिवता येईल? पोटावर जरा सैल ठेवा."

"येईल की," पद्माताई म्हणाल्या. "यात आवाज कमी कसा करायचा, तेही बघते."

"ना, ना," विक्रमसिंह घाईने म्हणाले, "आवाज थोडा जास्तीच ठेवा. सेक्रेटरी येतोय, हे लोकांना लांबून समजलं पाहिजे."