आधी माजा बीपी काडा

धडधाकट असूनही दर महिन्याला हौसेने तपासून घेणारा माणूस मी एकच पाहिला. नेऱ्याचे जनार्दनशेठ. पनवेलला एसटी स्टँडमागे माझा दवाखाना आहे. लोक हॉटेलात शिरताना चहा सांगतात, तसे शेठ दारातूनच सांगायचे, "डॉक्टरीनबाय, आधी माजा बीपी काडा!"

बीपी विशीतल्या पोराचा. तो नॉर्मल निघाला की शेठचं पुढचं फर्मान, "आता साखर बगा."

जमिनीला भाव आल्यापासून शेठच्या गळ्यात जाड साखळी आणि बुडाखाली पांढरी गाडी होती. पण ही श्रीमंताची हौस नव्हती. शेठच्या मागे दाराच्या चौकटीला टेकून त्यांचा धाकटा भाऊ रमेश उभा असे. चाळिशीचा, मोजकं बोलणारा, नजर भिंतीकडे. जरा मोठा आवाज झाला की दोन्ही हात कानांवर. गाव त्याला भोळा म्हणायचं. याला ऑटिझम म्हणतात, स्वमग्नता, असं मी शेठना नीट समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नाव चांगला हाय. आता तेवडा पंखा बंद करा, खरखर करतंय."

या दोघांचे वडील साखरेने गेले. साखर आहे हे कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. म्हणून शेठनी रमेशला एका मोठ्या हॉस्पिटलात तपासायला नेलं होतं. तिथे नावांचा पुकारा, गर्दी, आणि शेवटी रक्त काढायला चौघांनी त्याला धरलं. रमेश हिसडा मारून अनवाणी थेट हायवेवर. तेव्हापासून पांढरा कोट दिसला की तो पळायचा.

"धरायचा नाय. माजी येकच अट हाय," शेठ पहिल्या दिवशी म्हणाले.

त्या एका अटीला पुढे पिल्लं होत गेली. ट्यूबलाइट बंद. माझा कोट खुंटीला. कंपाउंडरने घंटी वाजवायची नाही. यायचं भर दुपारी, बाकीचे पेशंट गेल्यावर. आणि जे करायचं ते आधी बोलून दाखवायचं. एकदा एका बाईंनी चुकून आत डोकावलं. अंधारात डॉक्टरीण एका शेठचा दंड आवळून बसलेली पाहिली आणि पुन्हा माझ्या दवाखान्यात फिरकल्या नाहीत.

प्रत्येक गोष्ट आधी शेठवर व्हायची. सुई निघाली की ते मोठ्याने सांगत, "बग रमेश, काय नाय, मुंगी चावल्यागत!" सांगताना डोळे घट्ट मिटलेले आणि कपाळावर घाम. असल्या उन्हात पंखा बंद, घाम यायचाच, असं मी म्हणायची.

"कशाला एवढं टोचून घेता?" मी एकदा विचारलं.

"घरात आमी दोगंच. मी काय जनमभर पुरनार हाय? त्याला येकट्याला हितं येता आला पायजे."

असे बरेच महिने गेले. मग एका दुपारी शेठचं रक्त घेऊन झालं आणि रमेश चौकटीपासून हलला, स्टुलावर बसला आणि त्याने हात पुढे केला. मी म्हटलं, "आता टोचते हं."

"टोच," रमेश म्हणाला.

साखर वाढलेली निघाली, पण थोडी, वेळेत सापडली. गोळी सुरू झाली. शेठनी पेढे आणले आणि माझा चेहरा बघून ते कंपाउंडरला देऊन टाकले.

पुढच्या तपासणीला दोघं आले. शेठ सवयीने पुढे होऊन बाही सारू लागले, तर रमेशने त्यांचा हात धरला. बाही खाली ओढली, मनगटाचं बटण लावलं आणि भिंतीकडे बघत मला म्हणाला, "दादाला नको टोचू. दादा घाबरतो."

मग शेठना म्हणाला, "भायेर बस."

शेठ मुकाट्याने बाहेर गेले. रमेशचं रक्त घेऊन मी बाहेर आले, तर बिल्डरांना घाम फोडणारा हा माणूस बाकावर बसून रुमालाने डोळे पुसत होता.

"डॉक्टरीनबाय," ते हळूच म्हणाले, "याला कवा कलला ओ?"

"बहुतेक पहिल्याच दिवशी," मी म्हटलं.