क्वादासोच्या भिंतीवर काळोखजी व उजेडखान यांचा सामना, त्याची हकीकत

समस्त प्रेक्षकमंडळ, चष्मा लावणारे व न लावणारे, यांचे सेवेशी दफ्तरदाराची अर्जी ऐसी जे, आज्ञा जाहली की क्वादासोच्या मोहिमेचे वर्तमान जैसे घडले तैसे, कमी-जास्त न करता लिहून द्यावे. त्यास, कमी काही केले नाही. जास्त झाले असल्यास पदरी घ्यावे.

कुमासी शहरी क्वादासो नामे मोहल्ला, तेथे राजमान्य राजश्री कोजो अडोमाको, शाळेतील भूगोलाचे मास्तर, नांदत होते. पृथ्वीवरील समस्त नद्या त्यांस मुखोद्गत, परंतु स्वतःच्या घरी खिळा कोठे ठोकावा हे ज्ञान बेताचे. त्यांची भार्या पोमाबाई मोठ्या बाजारात कापडाची पेढी चालवीत, आणि कापड म्हणजे अंत्यविधीचे, काळे व तांबडे. त्या मुलखी अंत्यविधी शनिवारी करण्याचा दस्तूर, त्यामुळे शनिवारी अर्धे शहर काळे-तांबडे नेसलेले असते, आणि पोमाबाईंस त्या दिवशी मान वर करण्याची फुरसत नसते.

आता मोहिमेचे मूळ सांगतो. त्या मुलखी बापाहून मामाचा अधिकार थोर, आणि मामास वोफा म्हणतात. कोजोमास्तरांचे वोफा टुफोर यांनी भाच्यास लहानाचे मोठे केले, शाळेत घातले, आणि दर शनिवारी फुटबॉलची मॅच दाखवली. खासा वोफांचा लौकिक असा की पंचास शिव्या देण्यात साऱ्या कुमासीत त्यांचा हात कोणी धरत नसे. मग दोन वर्षांमागे वोफांच्या डोळ्यांवर धुके उतरले. भाच्याच्या टीव्हीवर मॅच पाहता पाहता त्यांनी तीनदा पुसिले, बॉल कुठे आहे, आणि चौथ्यांदा पुसिले नाही. नुसते मान हलवीत बसले, शिवी एकही दिली नाही, आणि त्या दिवसापासून यायचे थांबले. घरी रेडिओ बरा, म्हणाले. ती बिनशिवीची मॅच कोजोमास्तरांच्या मनास फार लागली.

तेव्हा मास्तरांनी मसलत केली की अख्ख्या भिंतीएवढे चित्र पाडणारे यंत्र, ज्यास प्रोजेक्टर म्हणतात, ते आणावे आणि बॉल नारळाएवढा करून वोफांस दाखवावा. तीन महिने त्यांनी मोबाइलवर जगभरच्या पंडितांचे वाद वाचले, मुलांच्या वह्या तपासायच्या राहिल्या, आणि अखेरीस दोन सरदार नजरेत भरले. पहिला काळोखजी: घराणे उंची, आवाज मृदू, काळा रंग असा दाखवील की काजळाने लाजावे, परंतु अंगी उजेड थोडका. दुसरा उजेडखान: उजेड चौपट, पण काळा रंग धुवट राखाडी, आणि पंख्याचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा. अदुम पेठेतील दुकानदाराने उदारपणे फर्माविले की दोघांसही घरी न्यावे, पारखावे, आणि सोमवारी एकास परत धाडावे.

कोजोमास्तरांचे मन काळोखजीवर बसले होते. उजेडखानास त्यांनी खोक्यातून बाहेरही काढले नाही, सोफ्यामागे कैदेत ठेविले.

मग वोफांस फोन गेला. त्यांनी कौल दिला तो असा. "एकदा येतो, कोजो. शनिवारी तीनला मॅच आहे ना, त्या आधी येतो. पण नाही दिसलं तर परत बोलवायचं नाही. मला तिथं बसून मान हलवायला लाज वाटते."

आता यश एकाच दिवसात, एकाच डावात मिळवणे प्राप्त होते.

आता रणभूमीचे वर्णन. बैठकीच्या खोलीस काचेच्या पट्ट्यांच्या दोन खिडक्या, पडदे जाळीचे, आणि एक दार जे अंगणात उघडते व दिवसा कधी लागत नाही, कारण दिवसा दार लावणे म्हणजे शेजाऱ्यांच्या तोंडावर लावणे. म्हणजे खिडक्यांचा उजेड आपल्या हुकमातला आणि दाराचा मोहल्ल्याच्या हुकमातला. पंडितांनी लिहिले होते की ऐशा अर्ध्या उजेडाच्या खोलीत उजेडखानासच नामजाद करावे. मास्तरांनी ते वाचिले होते, आणि पुढच्या पानावर काळोखजीची तारीफ होती म्हणून पान उलटिले होते.

शनिवारी दोन प्रहरी पोमाबाई बाजारात गेल्या असता मास्तरांनी घरातला साठा उघडला, आणि त्यातून काळ्या कापडाचे एक ठाण व तांबड्या काठाचे एक ठाण काढिले. आतून भिंतीचा गिलावा खिळा धरीना, सबब बाहेरून चौकटींस खिळे मारून दोन्ही खिडक्या झाकिल्या, आणि दार लाविले नाही, फक्त त्यावर कापड सोडिले, यात आपण मोठी चतुराई केली ऐसे त्यांस वाटले. मग आत येऊन काळोखजीस सुरू केले. समुद्रतळाचे चित्र लाविले होते. अथांग काळे पाणी, त्यात एकच चमकता मासा, आणि मागे रडके वाद्य. मास्तर तो काळा रंग पाहत जागीच खिळले, आणि बाहेर जगाचे काय चालले आहे हे त्यांस उमगले नाही.

बाहेर चालले होते ते ऐसे. शेजारीण मादाम फॉस्तिना, चर्चच्या महिला मंडळाच्या मुख्य, कोणा परक्याच्या अंत्यविधीहून परतत होत्या. त्यांनी पाहिले की अडोमाकोंच्या घरावर काळे-तांबडे चढले आहे, जे त्या मुलखी मृत्यू घडल्यावाचून कोणी चढवीत नाही. आतून रडके वाद्य ऐकू येत आहे. वोफा टुफोर दोन वर्षे मोहल्ल्यात दिसले नाहीत. बाईंनी हिशेब जुळविला आणि मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲपवर खलिता धाडिला. अर्ध्या घटकेत प्लास्टिकच्या खुर्च्यांची गाडी आली, आणि मंडळी तर आधीच काळे-तांबडे नेसलेली होती, त्यांस कपडे बदलण्याचीही तोशीस पडली नाही.

फौज आत शिरली. रिवाजाप्रमाणे उजवीकडून डावीकडे हस्तांदोलन करीत एकेक जण मास्तरांपुढून गेला, डोळे पुसून गेला, आणि जागा मिळेल तेथे बसला, उरलेले अंगणात बसले. मास्तरांस वाटले, मॅचची खबर फुटली. पण हे रडतात कशास, हे कोडे उलगडेना. पुसावे तर दस्तूर आडवा आला: पाहुण्यांस आधी पाणी द्यावे, आणि सर्वांचे पिऊन झाल्यावाचून येण्याचे कारण पुसू नये. पाहुणे सदतीस. मास्तर काळोखात चाचपडत पाण्याच्या पिशव्या वाटीत राहिले, आणि प्रत्येक जण पिशवीचा कोपरा दाताने फोडून फार सावकाश पीत होता, कारण दुःखात घाईने पिणे बरे दिसत नाही.

पावणेतीन वाजता टॅक्सीतून वोफा टुफोर उतरले. हातात काठी, अंगावर कुमासीच्या संघाचा जुना शर्ट. धुक्यातून त्यांस काळ्या आकृत्यांच्या रांगा दिसल्या, तेव्हा त्यांनी घरात शोक आहे हे ताडिले, आणि जुन्या वळणाचे गृहस्थ, त्यांनीही उजवीकडून डावीकडे साऱ्यांशी हात मिळविले. कोणी मान वर करून तोंड पाहिले नाही. मग आतल्या काळोखात जी खुर्ची लागली तीवर बसून शेजारच्या बाईस हळूच पुसिले.

"कोण गेलं हो?"

"तुम्हाला कळलं नाही?" मादाम फॉस्तिना नाक पुसत म्हणाल्या. "वोफा टुफोर."

वोफांनी कान पुढे केला. "कधी?"

"आज पहाटे म्हणे. झोपेतच."

"मला कुणी काहीच बोललं नाही," वोफा म्हणाले.

इतक्यात भिंतीवरचा मासा चमकला, त्या उजेडात बाईंनी शेजारी पाहिले, आणि जी किंकाळी फोडिली तिने अंगणातील खुर्च्या उलट्या झाल्या. त्याच समयी बाजारातून पोमाबाईंची स्वारी दाखल जाहली, कारण अकरा जणांनी फोन करून पुसिले होते की तुमच्याकडे कोण गेले. त्यांनी खिडकीकडे पाहिले आणि त्यांचा आवाज आत आला.

"माझं नवं ठाण. खिळे ठोकलेस, कोजो? खिळे?"

"परत देणार होतो," मास्तर म्हणाले.

"भोकं पण परत देणार होतास का?"

मोहल्ल्यातील पोक्त मंडळींनी तेथेच ठराव केला की जित्या माणसाच्या डोक्यावर शोकाचे कापड आणखी एक क्षणही राहू देता नये, आणि या घरावर ते फिरून कोणी चढवू नये. मग पोमाबाईंनी दोन्ही हातांनी कापड ओढिले, खिडक्या उघड्या पडल्या, दार उघडे पडले, आणि दुपारचे ऊन फौजेसारखे आत घुसले. काळोखजी त्या उन्हापुढे पळभरही टिकला नाही. समुद्र गेला, मासा गेला, पांढरी भिंत तेवढी उरली.

"मी जिवंत आहे का नाही ते नंतर ठरवा," वोफा म्हणाले. "मॅच लाव रे."

मास्तरांनी मॅच लाविली. भिंतीवर काहीतरी हलल्यासारखे झाले. सदतीस जणांनी डोळे बारीक केले. वोफांनी मान पुढे केली, मागे केली, आणि मग ती हळूहळू हलवू लागले.

"छान आहे," ते म्हणाले. "छान दिसतंय." आणि त्यांचा हात काठीकडे गेला.

तो हात पाहून कोजोमास्तरांचा धीर सुटला. तीन महिन्यांची विद्या, काळ्या रंगाचा मोह, सारे त्यांस एकदम फोल वाटले, आणि आपण हे यंत्र वोफांसाठी नव्हे तर स्वतःसाठी निवडीत होतो हे ध्यानी येऊन त्यांस फार शरम वाटली. त्यांनी सोफ्यामागून खोके ओढिले, टेप दाताने तोडिली, उजेडखानास तारेस जोडिले आणि बटण दाबिले. पंखा घरघरला. अंगणातली एक म्हातारी म्हणाली की पीठ दळायचे तर तिचा मका घरी पडून आहे.

मग भिंत उजळली. काळे शर्ट राखाडी दिसत होते, सावल्या धुवट होत्या, पंडितांनी पाहिले असते तर नाके मुरडली असती. पण हिरवे मैदान दारापासून कपाटापर्यंत पसरले, आणि त्यावर पांढरा बॉल, नारळाएवढा, भर उन्हात स्वच्छ दिसू लागला. वोफांचा हात काठीवर तसाच राहिला. सदतीस मंडळी मॅचकडे पाहत होती आणि कोजोमास्तर एकट्या वोफांकडे पाहत होते. बॉल डावीकडे गेला, वोफांची नजर डावीकडे गेली. बॉल उंच उडाला, हनुवटी वर झाली. कुमासीच्या गड्याने गोल मारिला, पंचाने शिटी फुंकून तो ऑफसाइड ठरविला, आणि वोफा टुफोर खुर्चीतून उभे राहिले.

"ऑफसाइड? कुठून ऑफसाइड, गाढवा? मला दिसतंय आणि तुला दिसत नाही? आंधळा आहे हा पंच. डॉक्टरकडे न्या त्याला, माझ्याच डॉक्टरकडे न्या."

पुढील मजकूर दफ्तरी लिहिण्याजोगा नाही. मादाम फॉस्तिनांनी कान झाकिले, पण पूर्ण झाकिले नाहीत. कोजोमास्तर उठून दाराआड गेले आणि पोमाबाईंच्या भोके पडलेल्या ठाणाने डोळे पुसून परत आले. बाईंनी ते पाहिले आणि ठाणाची घडी घालून ठेविली.

येणेप्रमाणे क्वादासोची मोहीम फत्ते जाहली. काळोखजीस सोमवारी सन्मानाने दुकानी पोचविले. उजेडखानास बैठकीची कायमची सरदारकी दिली. खुर्च्या गाडीवाल्याने नेल्या नाहीत, मंडळींनी नेऊ दिल्या नाहीत. सदरहू वोफा टुफोर हयात आहेत हे दफ्तरी नमूद करावे, कारण व्हॉट्सॲपवर अजून ते कोणी दुरुस्त केलेले नाही. पुढल्या शनिवारी ते अडीचलाच येतील, पंच तोच आहे, आणि दार उघडे ठेवावे, ऐसा त्यांचा हुकूम आहे.