कॉफीवरील आक्षेप आणि त्यांची पूर्तता

परदेशात नोकरीला आल्यापासून लेखापरीक्षकसाहेबांनी त्या महानगरातली बहुतेक कॉफीची दुकानं तपासली होती, आणि निष्कर्ष प्रतिकूल होता. कुठे फेसावर बदक काढून देत, पण बदकाखाली कोमट पाणी. कुठे कॉफीच्या दाण्यांची वंशावळ ऐकवत आणि कॉफी द्यायला विसरत. शेवटी एका बोळात, छत्र्या दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी, त्यांना ते दुकान सापडलं. मोजकी टेबलं, लाकडी खुर्च्या, गाणी नाहीत. मालकीण एक शब्द बोलत नसे. कॉफी मात्र अशी, की पहिल्याच घोटाला साहेबांना ऑफिसातल्या सगळ्यांना माफ करावंसं वाटलं.

ते रोज सकाळी तिथे जाऊ लागले. घरी चकार शब्द काढला नाही.

"अहो, रोज कुठे जाता?" बायकोनं विचारलं.

"चालायला."

"चालून आल्यावर शर्टाला कॉफीचा वास येतो?"

साहेबांनी कबुली दिली. अट एकच: मेहुण्याला कळता कामा नये. त्या शहरातल्या आपल्या माणसांचा फोनवरचा गट मेहुणा चालवत असे; त्याला सांगणं म्हणजे दवंडी पिटणं. बायकोनं शपथ घेतली, आणि संध्याकाळी भावाला शपथ घालूनच सांगितलं.

"भावजी, रविवारी आम्ही सगळे येतोय तिथे," मेहुण्याचा फोन आला.

"नका येऊ. अगदीच टाकाऊ आहे."

"मग तुम्ही रोज कशाला जाता?"

"खात्री करून घ्यायला."

बोलण्याला आधार हवा म्हणून साहेबांनी लगेच इंटरनेटवर निनावी अभिप्राय नोंदवला: 'कॉफी प्रमाणाबाहेर कडक. आसनव्यवस्था गैरसोयीची. संगीताचा अभाव. मालकीण ग्राहकांशी संवाद साधत नाही. सबब, शिफारस करता येत नाही.' एक तारा दिला. रविवारचा बेत रद्द झाला.

सोमवारी दुकानाला कुलूप. ते आठवडाभर निघालं नाही. निघालं तेव्हा आत गुबगुबीत सोफे होते आणि छतातून धाडधाड गाणी कोसळत होती.

"या साहेब, या!" मालकीण धावत आली. "झोप झाली का नीट? घरी कोण कोण असतं?"

साहेबांनी मागे वळून दारावरची पाटी पुन्हा वाचली.

"कुणीतरी फार मनापासून लिहिलं होतं हो आमच्याबद्दल," ती म्हणाली. "इतकी वर्षं कुणी तोंडावर सांगितलंच नाही. वाचून रडले. मग एकेक गोष्ट सुधारली. कॉफीसुद्धा."

उभ्या नोकरीत साहेबांनी असंख्य आक्षेप काढले होते; पूर्तता एकाचीही झाली नव्हती. त्यांचा ऊर भरून आला. मग त्यांनी घोट घेतला. कॉफी गोड, गुळमट आणि पूर्णपणे निरुपद्रवी होती.

"कशी झालीय?" तिनं विचारलं. डोळे अजून सुजलेले होते.

"आता छान आहे," साहेब म्हणाले, आणि तिच्यादेखत पाच तारे दिले.

पुढच्या रविवारी सगळा गट सोफ्यांवर ऐसपैस बसला. "भावजी, एवढी झकास जागा आमच्यापासून लपवत होतात?" मेहुणा दुखावला होता.

साहेब हल्ली पुन्हा बोळ धुंडाळतात. वाचकांपैकी कुणाला एखादी शांत, चांगली जागा ठाऊक असल्यास पत्ता कळवावा, अशी त्यांची नम्र विनंती आहे. अद्याप एकही पत्ता आलेला नाही. आपल्या भागात धड कॉफी मिळतच नाही, असं मात्र बऱ्याच वाचकांनी तत्परतेनं कळवलं आहे.