अंबूताईंच्या भैरवीनंतर

मिरजेच्या अंबूताई कागलकरांनी भैरवी गायली की त्या वेळी जे काही चालू असेल ते संपतं. यात नवल काही नाही. भैरवी झाली की मैफल उठते, हा रिवाजच आहे. ताईंच्या बाबतीत तो जरा काटेकोर पाळला जातो, एवढंच. लग्नात भाषणं लांबली की त्यांना हमखास बोलावणं यायचं. सकाळी रियाजाला त्यांनी तंबोरा जुळवला की नवी मैफल सुरू. मग वक्तेही थांबले होते तिथून पुढे बोलू लागत.

युद्धात होरपळलेल्या मुलांसाठी आम्ही कलाकारांनी एक अल्बम काढला. सगळ्यांनी फुकट वाजवलं. कारभार माझ्याकडे. मी तबलजी, मागे बसत असलो तरी मागे राहणारा नव्हे. वयाचा मान म्हणून मी ताईंची भैरवी पहिल्या नंबरावर टाकली. चुकलं म्हणतात. म्हणोत बापडे.

अल्बम जिथे पाठवला त्या निर्वासितांच्या छावणीतल्या शिक्षिकेचा दुभाष्यामार्फत भल्या सकाळी फोन आला. "आत्ताच पहिलं गाणं लावलं. पुढची वाजतच नाहीत."

"भैरवीनंतर कशी वाजतील? बाकी ठीक?"

"तोफाही वाजत नाहीत. मुलं झोपलीयत."

माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू! मग आठवलं, ताईंच्या रियाजाची वेळ झाली. तसाच पळत सुटलो.

ताईंचा हात तंबोऱ्याच्या खुंटीवर होता. शेजारी यासीनभाई सतारवाले चहा पीत होते.

"ताई, थांबा! जुळवू नका!"

मी सगळं सांगितलं. यासीनभाई उसळले. "म्हणजे माझी सतार पोरांनी ऐकलीच नाही? अहो, जीव ओतलाय मी! भैरवी शेवटी टाका आणि नव्याने काढा."

"ती वाजायची तर ताईंना तंबोरा जुळवावा लागेल, भाई. मग तोफाही वाजतील."

ताईंनी खुंटीवरचा हात मागे घेतला. रियाज चुकला तर त्यांना घास उतरत नाही, हे आख्ख्या गल्लीला माहीत आहे.

तेवढ्यात पुन्हा दुभाष्याचा फोन. तिकडचे एक सेनाधिकारी, दोन्ही सैन्यांच्या वतीने. अगदी अदबीने बोलले, "आमचं काम अर्धवट राहिलंय. पुढे कधी सुरू करता येईल?"

मी फोन ताईंच्या कानाला लावला.

"भैरवी झाली, बाळा," ताई म्हणाल्या. "आता घरी जायचं."

पलीकडून साहेबांचा आवाज मलाही ऐकू आला, "बरं. सामान आवरायला सांगतो."

ताईंनी एकेक तार सैल केली. यासीनभाईंनी कप खाली ठेवला, भिंतीवर टांगलेली कापडी गवसणी काढली आणि तंबोऱ्याला स्वतः चढवली.

मला राहवलं नाही. "ताई, आणि तुमचं गाणं?"

"हळू बोल मेल्या," त्या म्हणाल्या. "पोरं झोपलीयत."